हेराल्डचं स्टिअरिंग

गाडीत बसलं की स्टिअरिंगचं चाक सगळ्यांनाच दिसतं. त्या चाकामागून एक नळी निघते आणि डॅशबोर्डाखालच्या अंधारात गडप होते, तिच्याकडे मात्र कुणी वाकून बघत नाही. मिस्त्री लोक तिला ‘कॉलम’ म्हणतात. वरची नळी म्हणजे नुसतं आवरण, खरी कामाची असते ती आतली सळई. चाक फिरवलं की सळई फिरते. तिच्या खालच्या टोकाला एक छोटं दातेरी चाक असतं, ते एका दातेरी पट्टीला डावी-उजवीकडे सरकवतं आणि ती पट्टी पुढची दोन्ही चाकं वळवते. इतकं साधं काम. पण तीस वर्षं ह्यांच्या शेजारच्या सीटवर बसूनही ही नळी आतून कशी असते ते मला ठाऊक नव्हतं. ते कळलं पन्नाशी उलटल्यावर, स्टीलच्या सात डब्यांमुळे.

डबे माझेच, फराळाचे. झाकणावर खडूने एक ते सात आकडे घातलेले आणि आत चिवडा-शंकरपाळ्यांऐवजी नट, बोल्ट, वॉशर, रबराची झिजलेली कडी आणि काळंभोर ग्रीस. ह्यांनी कॉलम उघडला आणि निघेल तो भाग ओळीने डब्यांत ठेवत गेले. चाक चालवताना हातात खडखड यायची, आतले बुश झिजले होते, ते बदलायचे होते. आठवड्याभराचं काम, असं म्हणाले होते. चौथ्या दिवशी सकाळी दात घासता घासता ह्यांच्या हातातून ब्रश पडला आणि उजवा हात परत उचललाच गेला नाही.

आता गाडीविषयी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. आमची गाडी स्टँडर्ड हेराल्ड, १९६६ सालची, दोन दारांची, फिकट आकाशी. सासऱ्यांनी ती १९७४ साली महूच्या एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याकडून घेतली. तेव्हा आपल्या देशात मोटार म्हणजे तीनच नावं: अ‍ॅम्बॅसॅडर, फियाट आणि स्टँडर्ड. हेराल्ड मूळची इंग्लंडची. कॉव्हेंट्रीच्या ट्रायम्फ कंपनीने ती १९५९ साली काढली, रूप दिलं जोव्हानी मिकेलॉटी नावाच्या इटालियन डिझायनरने. १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स या कारखान्यात ती तयार व्हायला लागली. तिचं बॉनेट पुढच्या बाजूला उलटं उघडतं, चाकांवरच्या पत्र्यासकट, एखाद्या मोठ्या पेटीच्या झाकणासारखं. आणि ती वळते फार कमी जागेत. पंचवीस फुटांच्या वर्तुळात पूर्ण फेरी मारते. आमच्या गल्लीत आजच्या मोठ्या गाड्या तीनदा मागे-पुढे करतात, तिथे हेराल्ड एका दमात वळायची.

ह्यांना मात्र तिला ‘फॅमिली कार’ म्हटलेलं खपायचं नाही. १९६२ साली ट्रायम्फने स्पिटफायर नावाची दोन सीटची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार काढली, ती हेराल्डचीच चॅसी आखूड करून. स्टिअरिंगची बनावट तीच. मिकेलॉटीही तोच. तेव्हा आपली गाडी म्हणजे स्पोर्ट्स कारची सख्खी थोरली बहीण, असं हे पाहुण्यांना सांगायचे. पाहुणे माना डोलवायचे आणि मी पोह्यांवर शेव घालायला आत जायची.

तसं बघितलं तर इंदूरला गाड्यांचं वेड नवीन नाही. महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३०च्या दशकात एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग राजवाडा बांधून घेतला. त्याच दशकात त्यांनी अमेरिकेची ड्यूसेनबर्ग गाडी मागवली आणि तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून घडवून घेतली. आजही जगातल्या मोटारवेड्यांमध्ये त्या गाडीचं नाव निघतं. आमच्या सासऱ्यांच्या पिढीने ही वर्णनं लहानपणापासून ऐकलेली. राजाची गाडी आपल्याला कशी मिळणार, पण गाडी हौसेने ठेवायची असते, हे मात्र त्यांनी उचललं. रविवारी सकाळी दर्शन झालं की गाडी धुवायची, पुसायची, बॉनेट उघडून आत बघायचं. ह्यांच्याकडे हे सगळं वडिलांकडून आलं. कपाटातल्या कागदांपेक्षा हीच वडिलोपार्जित इस्टेट, असं म्हणायला हरकत नाही.

ह्यांचा झटका मेंदूच्या डाव्या बाजूचा होता. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला आणि बोलणं गेलं. पाय हळूहळू सुधारला, काठी घेऊन चालायला लागले. हात अर्धवट. बोलणं सगळ्यात मागे राहिलं. याला वाचाघात म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. पॅरिसच्या पॉल ब्रोका या डॉक्टरांनी १८६१ साली असा एक रुग्ण पाहिला, ज्याला सगळं समजायचं पण तोंडातून ‘टॅन’ एवढाच आवाज निघायचा. त्याच्या मृत्यूनंतर मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूच्या पुढच्या भागात इजा सापडली. बोलण्याची जागा तिथे आहे हे जगाला समजलं ते त्या माणसामुळे.

या आजाराची एक गोष्ट मी इथे मुद्दाम लिहिते, कारण आपल्या घरांत ती उपयोगी पडेल. हे साधं ‘पाणी’ म्हणू शकत नव्हते, पण संध्याकाळी मी णमोकार मंत्र म्हणायला लागले की माझ्याबरोबर अख्खा म्हणायचे, एका अक्षराचीही चूक न होता. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सासूबाई देवासमोर रडायलाच लागल्या, बोलणं परत आलं म्हणून. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी समजावून सांगितलं, की पाठ असलेलं, वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं बोलणं अशा माणसांकडे बऱ्याचदा शिल्लक राहतं. मंत्र, आकडे, वारांची नावं, गाणी. नवीन वाक्य जुळवणं मात्र जमत नाही. शब्द आत असतो, पण हात घालावा तर शेजारचाच हाताला लागतो. चमचा हवा असेल तर ‘ताट’ म्हणतील. तेव्हा त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, थांबा, आणि त्यांना ज्यात गती होती त्या विषयावर बोलतं ठेवा. हे बाईंचं सांगणं मी गाठीला बांधलं.

‘अगं’ एवढा एक शब्द ह्यांना सहज यायचा. अगं म्हणजे हाक, अगं म्हणजे हो, अगं म्हणजे नको. सुरावरून ओळखायचं.

वर्षभर डबे पोर्चमधल्या फळीवर तसेच पडून होते. गाडी विनाचाकाची, म्हणजे विना-स्टिअरिंगची, ताडपत्रीखाली. पुण्याहून मुलाचा फोन आला. भोपाळचे कोणी हौशी गृहस्थ जुन्या गाड्या घेतात, चांगली किंमत देतील म्हणाला. “पण आई, सुटे भाग डब्यात असलेली गाडी कोण घेणार? एकदा जोडून घ्या, मग देऊन टाकू. बाबा आता चालवणार थोडेच आहेत.” फोन स्पीकरवर होता. हे समोरच बसले होते. काही बोलले नाहीत. बोलणार तरी कसे?

मुलाचं काही चुकत नव्हतं. डॉक्टरांनी गाडी चालवायला कायमची मनाई केली होती. आणि आपल्या धर्मात परिग्रहाचं सांगितलेलं आहेच. दरवर्षी दशलक्षणात आकिंचन्याच्या दिवशी महाराज सांगतात आणि आपण माना हलवतो. घरात न वापरता पडलेली वस्तू म्हणजे ओझं, ते मलाही पटतं. मी वर्षातून एकदा माळा रिकामा करणारी बाई आहे. पण परिग्रह म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूत गुंतलेला जीव, असंही त्याच प्रवचनात ऐकलेलं असतं. कोणाचा जीव कशात, कुठवर गुंतलाय हे बाहेरून कसं मोजायचं? मी म्हटलं, आधी जोडू तर खरं. पुढचं पुढे.

राऊच्या चौकाजवळ एका मिस्त्रींचं गॅरेज आहे. ह्यांचा आणि त्यांचा वीस वर्षांचा परिचय. ते म्हणाले, “भाभीजी, खोल तो कोई भी दे, बिठाना असली काम है.” रविवारी सकाळी येईन म्हणाले. बाकी दिवस त्यांच्याकडे पिथमपूरला जाणाऱ्या कामगारांच्या मोटारसायकली. गंमत बघा, आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर पिथमपूरला नॅट्रॅक्सचा रस्ता आहे, ११.३ किलोमीटरची वेगाची धावपट्टी, २०२१ साली सुरू झालेली. देशातल्या नव्या गाड्या तिथे सुसाट पळवून तपासतात. आणि आमच्याकडे तीन रविवार चाललं काय, तर एक सळई नळीत बसवणं.

बुश आणण्याची सोय भाच्याने केली, तो लंडनला असतो. तिकडे या गाड्यांचे भाग अजून नवे मिळतात, कारण स्पिटफायर पाळणारे लोक भरपूर. पाकिटावर छापलेलं होतं, ट्रायम्फ स्पिटफायर. मी ते पाकीट ह्यांच्या डाव्या हातात दिलं. चष्मा लावून त्यांनी ते नाव वाचलं, मनात, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू तीस वर्षांचा वाद जिंकले.

पहिल्या रविवारी डब्यांचा क्रम लावला. मिस्त्री एक नंबरपासून सुरुवात करायला निघाले, तर हे काठी आपटायला लागले. “अगं!” मला लगेच उमगलं. डबे काढण्याच्या क्रमाने भरलेत, म्हणजे एक नंबरमध्ये सगळ्यात वरचं: चाकाचा नट, हॉर्नचं बटण. बसवताना सातपासून उलटं यायचं. ज्या बाईने लग्नकार्यात भांड्यांची उतरंड उतरवली आहे तिला हे सांगावं लागत नाही. मी डबे उलटे मांडले, ह्यांनी मान हलवली.

सातव्यात रबराचं कपलिंग होतं. सळई एकसंध नसते. खाली रॅकला जोडताना मध्ये रबराचा जाडसा तुकडा घालतात. रस्त्यावरचे दणके रबर पिऊन टाकतं, चालवणाऱ्याच्या मनगटापर्यंत येऊ देत नाही. सहाव्यात खालची सळई, पाचव्यात एक पकड आणि तिचे दोन बोल्ट, चौथ्यात बुश. बुशांवर छोटे उंचवटे असतात आणि बाहेरच्या नळीला भोकं. उंचवटा भोकात टचकन बसला पाहिजे, नाहीतर सळई फिरताना बुशही तिच्याबरोबर फिरायला लागतो. मिस्त्रींनी साबणाचं पाणी लावून ते आत सरकवले. एक बसेना. ह्यांनी डाव्या हाताचा अंगठा नळीच्या भोकावर ठेवला आणि मिस्त्रींना आतून ढकलायला खुणावलं. अंगठ्याखाली टक् झालं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांना बोलण्याची गरजच नव्हती, आणि ते बघून मला हेवाही वाटला आणि बरंही वाटलं. वर्षभर या घरात सगळे ह्यांच्याशी मोठ्याने, सावकाश, लहान मुलाशी बोलावं तसं बोलत होते. पाहुणे तर ह्यांच्याबद्दल माझ्याकडे विचारायचे, हे समोर असताना. मिस्त्री मात्र पाना पुढे करून विचारत होते, “साहब, कितना कसूँ?”

किती कसायचं हाच या कामातला खरा प्रश्न. ढिलं राहिलं तर चाक हातात डुगडुगतं, चाक वळतं आणि गाडी जरा उशिराने वळते. त्याला मिस्त्री ‘प्ले’ म्हणतात. फार कसलं तर सळई जड फिरते, वळणावरून चाक आपलं आपण सरळ होत नाही. प्ले जेमतेम राहिला पाहिजे, पण चाक सैलपणाने फिरलं पाहिजे. हे पुस्तकात मापाने लिहिलेलं असतं, मिस्त्रींच्या हाताला ते तसंच कळतं.

दुसऱ्या रविवारी सगळं वरपर्यंत आलं. चाक बसवण्याआधी पुढची दोन्ही चाकं नाकासमोर सरळ करून ठेवायची. सळईच्या टोकाला उभे बारीक दात असतात, चाकाच्या मध्यभागीही तसेच. एक दात जरी इकडचा तिकडे झाला, तरी गाडी सरळ जाताना चाक वाकडं दिसतं. इंडिकेटर आपोआप बंद करणारी एक छोटी क्लिपही तिथेच असते, तीही या सरळ रेषेतच हवी. मिस्त्रींनी चाक बसवलं, हे पुढे जाऊन उभे राहिले, बघितलं, काठीने डावीकडे खूण केली. एक दात काढून पुन्हा बसवलं. आता सरळ.

मग बॅटरी जोडली. इंडिकेटर लागला. हॉर्न दाबला, तर आवाज नाही. हॉर्न काढून थेट तारा लावल्या, तर कान किटतील असा वाजला. म्हणजे हॉर्न चांगला. बटण घासलं, ब्रश बदलला, फ्यूज बघितला. चाकाचं बटण दाबलं की सगळं गप्प. दुपार टळली. आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं असतं, तेव्हा मी आतबाहेर करत होते. तेवढ्यात हे म्हणाले,

“माती.”

स्पष्ट म्हणाले. मिस्त्रींना वाटलं जमिनीवर माती आहे, त्यात एखादा भाग पडला असेल. त्यांच्या पोऱ्याने झाडू घेऊन पोर्च झाडला. हे चिडले. “माती! माती!” सासूबाई दारात आल्या होत्या, त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, “सगळी माती झाली म्हणतोय गं.” सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या भाषेत त्या शब्दाचा दुसरा अर्थ तोच होतो ना, कष्टांची माती, आयुष्याची माती.

मी बाईंचं सांगणं आठवून गप्प उभी राहिले. शब्द आत असतो, पण शेजारचा हाताला लागतो. मातीच्या शेजारी काय? जमीन. जमिनीच्या शेजारी? आमचं घर बांधलं तेव्हा हे वायरमनच्या मागे लागायचे, प्रत्येक खोलीत एकच विचारायचे, अर्थ दिला का, अर्थ दिला का. फ्रिज आला तेव्हा तेच, गीझर आला तेव्हा तेच.

“अहो, अर्थ? अर्थिंग?”

ह्यांनी डोळे मिटून घेतले आणि “अगं” म्हणाले. तो ‘अगं’ मी ओळखते. तो ‘हो’चा होता.

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. या गाडीत हॉर्नचं बटण दाबलं की वीज सळईतून खाली गाडीच्या लोखंडात जाते, तेव्हा हॉर्न वाजतो. पण मध्ये ते रबराचं कपलिंग. रबर जसे दणके अडवतं तशी वीजही अडवतं. म्हणून रबराच्या अलीकडून पलीकडे एक तांब्याची पट्टी जोडलेली असते, विणलेली, बोटभर. ती लावलीच नव्हती. कुठे गेली? जोडकाम झालं की काहीतरी उरतंच; मिस्त्री लोक हसून म्हणतात, “जो बच गया वो कंपनी ने एक्स्ट्रा दिया था.” त्या उरलेल्यांच्या वाटीत ती पडली होती, तुटक्या पैंजणाच्या तुकड्यासारखी दिसणारी. पट्टी घासून लावली. बटण दाबलं. हेराल्ड ओरडली. शेजारच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला, सासूबाई हसायला लागल्या आणि हे हसत हसत रडले. झटक्यानंतर रडू लवकर येतं, म्हणून मी काही बोलले नाही.

तिसऱ्या रविवारी एकच काम राहिलं होतं, ती पाचव्या डब्यातली पकड कायमची कसायची. ही पकड काय करते ते मला मिस्त्रींनी दाखवलं. सळई दोन तुकड्यांची असते, एकात एक सरकणारी, आणि ही पकड दोघांना जागेवर धरून ठेवते. समोरून जोराची टक्कर झाली तर पकड घसरते, सळई आत सरकते आणि कॉलम आखूड होतो. जुन्या गाड्यांत ही सळई एकसंध असायची आणि अपघातात चालवणाऱ्याच्या छातीत घुसायची. अमेरिकेत धडकेने दबणारं स्टिअरिंग सक्तीचं झालं १९६८ साली. हेराल्डमध्ये सरकणारा कॉलम १९५९ पासूनच होता. वेळ आली की मोडून पडायचं आणि माणूस वाचवायचा, अशी ही बनावट.

याच पकडीचा दुसरा उपयोग असा, की ती सैल केली की चाक पुढे-मागे करता येतं. ह्यांची उंची पावणेसहा फूट, हात लांब. सळईवर पन्नास वर्षांचा एक चकाकता पट्टा उमटला होता, सासऱ्यांच्या आणि ह्यांच्या मापाचा. मिस्त्री बरोबर त्या खुणेवर पकड ठेवून पाना लावायला लागले.

“अगं.” हा ‘नको’चा होता.

मिस्त्री थांबले. हे काठी टेकत गाडीच्या दाराशी आले. मला डाव्या हाताने खूण केली, आत बस. मी पदर खोचून ड्रायव्हरच्या सीटवर बसले. तीस वर्षांत त्या सीटवर मी कधी बसले नव्हते. मारुती चालवते, अ‍ॅक्टिव्हा चालवते, भाजी आणते, सासूबाईंना मंदिरात नेते. पण हेराल्डची ती सीट ह्यांची होती, कुणी तसं सांगितलेलं नव्हतं, तरी होती. मी चाक धरलं. माझी उंची पाच फूट. हात ताणावे लागत होते, खांदे सीट सोडून पुढे आले होते. ह्यांनी ते बघितलं. मग डाव्या हाताने चाक धरून माझ्याकडे ओढलं. थोडं. मग माझ्या कोपराला हात लावून बघितला, वाकलंय का. आणखी थोडं ओढलं. माझी पाठ सीटला टेकली.

“इथे,” ते म्हणाले.

वर्षभरात ह्यांच्या तोंडून आलेला तो एक शब्द होता, ज्याच्या शेजारचा शब्द शोधावा लागला नाही.

मिस्त्रींनी पकड कसली. जुन्या चकाकत्या पट्ट्यापासून चार बोटं अंतरावर.

मैत्रिणींनो, हे वाचताना तुमच्यापैकी जी गाडी चालवते तिने एक करा. आपल्यातल्या पुष्कळ जणी नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या मापाने लावलेल्या सीटवर बसतो आणि हात ताणून, टाचा उचलून तशीच गाडी चालवतो. घाईत सीट कोण हलवणार, आणि परत त्यांच्या मापाला कोण लावणार, म्हणून. आजच्या पुष्कळ गाड्यांत कॉलमच्या खाली एक खटका असतो, तो ओढला की चाक वर-खाली होतं. सीट पुढे घ्या, पण अगदी चाकाला चिकटूही नका. एअरबॅग असते तिथे छाती आणि चाक यांत किमान दहा इंच अंतर ठेवा असं जाणकार सांगतात. पाठ टेकलेली, कोपर किंचित वाकलेलं. दोन मिनिटांचं काम आहे. कुणाची परवानगी लागत नाही.

आम्ही त्या संध्याकाळी जेवण आधी उरकलं आणि मग निघालो. हे शेजारच्या सीटवर, माझ्या जागेवर. गल्लीच्या टोकाला मी चाक पूर्ण फिरवलं आणि गाडी एका दमात वळली. आग्रा-मुंबई रस्त्यापर्यंत गेलो नाही, कॉलनीतच तीन चकरा मारल्या. गिअर माझ्याकडून दोनदा खरखरला, तेव्हा ह्यांनी डोळे मिटले, पण काठी आपटली नाही. चाक हलकं फिरत होतं. खडखड नव्हती. वळण संपलं की माझ्या तळहातांखालून आपलं आपण सरळ होत होतं.

भोपाळचे गृहस्थ दोनदा फोन करून गेले. मुलाने विचारलं, काय ठरलं. मी त्याला सांगितलं, दर रविवारी बाबांना फिरवून आणते आहे, ते रस्त्यात दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचतात, परवा ‘टायर पंचर’ अख्खं वाचलं. पाडव्यानंतर बघू. तो “बरं” म्हणाला.

विकायची वेळ आली तर विकू, त्याचं मला काही नाही. जो घेईल तो डॅशबोर्डाखाली वाकून बघेल तर त्याला सळईवर एकाऐवजी दोन पट्टे दिसतील, एक जुना, एक नवा. तो आपल्या हाताच्या मापाने तिसरा पाडेल. दोन बोल्ट सैल करायचे आणि परत कसायचे, एवढंच. तांब्याची पट्टी तेवढी हरवू नका म्हणून मी त्याला सांगून ठेवीन.